चारचौघांत टॅटिंग का करते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

रंकाळ्यावर आणि रेल्वे स्टेशनवर बसून टॅटिंग, म्हणजे हातानं दोऱ्याच्या गाठी घालत लेस, करण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. चारचौघांत बसून लेस करणं हा दिखावा आहे, आपल्या आई-आज्यांनी हेच काम घरात बसून केलं आणि कधी मिरवलं नाही, शिवाय महाद्वार रोडला मशीनची लेस मीटरवर स्वस्तात मिळत असताना एवढे तास घालवायचे कशाला, असं तुमचं म्हणणं. गाडीत कुणाला सुई टोचली तर, ही काळजीही तुम्ही केलीत. दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखं हे नाही, म्हणून सवडीनं लिहिते.

सुईचं आधी. मी जे करते त्याला सुई लागत नाही, शटल लागतं, म्हणजे आत दोरा गुंडाळलेलं छोटं साधन. बोटाएवढं असतं आणि माझ्या शटलची टोकं बोथट आहेत. क्रोशाची सुई मी गर्दीच्या गाडीत बाहेर काढत नाही. देवळाच्या आवारातही विणत नाही, तिथं लोक दर्शनाला आलेले असतात.

आता घरात बसून करण्याबद्दल. याच मुद्द्यावर माझं तुमच्याशी अजिबात जमत नाही. आंध्रातल्या नरसापूरची क्रोशाची लेस तुम्ही ऐकली असेल. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ती तिथल्या बायकांना शिकवली, पुढं ती परदेशी जाऊ लागली, आणि 2024 मध्ये तिला जीआय मानांकनही मिळालं. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या लेस करणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, त्यावरचं त्यांचं पुस्तक 1982 साली आलं. घरचं सगळं आवरून दिवसाला सहा ते आठ तास लेस करणाऱ्या या बायका हिशेबात मात्र गृहिणीच. व्यापार पुरुषांच्या हातात, आणि बायकांचं काम म्हणजे फावल्या वेळातला उद्योग, कारण काम उंबऱ्याच्या आत होतं. दिसलं नाही, म्हणून मोजलं गेलं नाही. मजुरी कमी ठेवायला याहून सोयीचं काय हवं?

लांब कशाला, आपलंच बघा. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे केवढे पेटलो होतो! रास्तच होतं ते. पण कोल्हापुरी चपलेवरची वेणी घालायचं काम बहुतेक करून बायकाच घरी बसून करतात, आणि त्यांच्यातल्या एकीचं तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का? दुकानात पुढं बसलेला कारीगर आपल्याला दिसतो. वेणी घालणारी दिसत नाही. मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो.

आणि लेस हे घरात कोंडून घेऊनच करायचं काम सगळीकडं नव्हतंच. बेल्जियमच्या ब्रुजमध्ये बायका लेस विणायची उशी घेऊन दारात, रस्त्याच्या कडेला बसायच्या. धागा इतका बारीक की उजेड लागायचाच. रात्री मेणबत्तीसमोर पाण्यानं भरलेला काचेचा गोळा ठेवून उजेड एका जागी पाडून घेत. गुजरीत आपले पटवेगारही बसतातच की, पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून साज गुंफत. सगळा रस्ता बघतो, आणि त्याला कुणी दिखावा म्हणत नाही. मग बाईनं स्टेशनवरच्या बाकावर दोरा काढला की तेवढा दिखावा कसा होतो?

लोक काय बघतात ते सांगते. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोरा गुंडाळलेला, उजव्या हातात शटल. शटल दोऱ्याखालून नेऊन वरून परत आणलं की शटलचा दोरा डाव्या दोऱ्याला विळखा घालतो. इथंच थांबलं तर नुसती गाठ बसते. मग डावी बोटं क्षणभर सैल सोडायची आणि शटलचा दोरा ताठ ओढायचा. विळखा टुणकन उडी मारून डाव्या दोऱ्याचा होतो, आणि शटलचा दोरा मधून सरळ, मोकळा राहतो. ही उडी बसली तरच शेवटी दोरा ओढल्यावर रिंग, म्हणजे टाक्यांचा गोल, मिटते. एक टाका जरी उडी न मारता बसला, तरी रिंग तिथंच अडते आणि टाचणीच्या टोकानं गाठ उकलत बसावं लागतं. ती उडी बघायला लोक थांबतात. पुस्तकातल्या चित्रावरून ती कळत नाही, शेजारी बसूनच कळते.

एकदा कोयना एक्स्प्रेसची वाट बघत बसले होते. शेजारी इचलकरंजीचे एक आजोबा, आयुष्य मागावर गेलेलं. बराच वेळ माझ्या हाताकडं बघून म्हणाले, “हा तर धोटाच की! पण कांडी कुठं बसते ह्यात?” धोटा म्हणजे मागावरचं शटल, आणि कांडी म्हणजे त्यातली दोरा गुंडाळलेली नळी. शटल उघडून आतल्या खुंटीवर दोरा कसा गुंडाळतात ते दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, दोरा चुटकीत धरून पीळ बघितला, आणि हा दोरा चांगला आहे, पिंजारणार नाही, असं सांगितलं. घरात बसले असते तर हे मला कोण सांगणार होतं?

मशीनच्या लेसशी माझं भांडण नाही. परकराला, उशीला मीही तीच लावते. इंग्लंडच्या जॉन हीथकोटनं लेसची जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट 1809 साली घेतलं आणि 1816 मध्ये लफबरोतल्या त्याच्या कारखान्यातली यंत्रं लोकांनी फोडली, म्हणजे हा वाद दोनशे वर्षं जुना आहे. स्वस्त लेस हवी तर यंत्राचीच घ्यावी. पण टॅटिंगची रिंग प्रत्येक टाक्यागणिक गाठीची असते, मध्येच कुठं दोरा तुटला तर बाकीची लेस उसवत जात नाही. ते टिकाऊपण आणि ते करतानाचं समाधान मीटरवर मिळत नाही, म्हणून मी तास घालवते आणि घालवत राहणार.

शेवटी तुम्ही लिहिलंय की आईनं केलेले उशीचे अभ्रे अजून ट्रंकेत आहेत, आणि ते टॅटिंगचेच असावेत. ताई, त्यांच्या कडेचा जवळून फोटो काढून पाठवाल का? रिंगांच्या मध्ये नुसता मोकळा दोरा असेल तर काम एकाच शटलचं. टाक्यांनी भरलेल्या कमानी असतील तर दुसरा दोरा लागला असणार, आणि तसं असेल तर तो नमुना मला उतरवून घ्यायचा आहे. तुमची हरकत नसेल तर आईंच्या नावानं इथं देईन.