फोटो चुकीच्या औषधासमोर येतोय आणि तुम्ही ऑपरेटर मोजताय!

नाव रक्तदाबाच्या गोळीचं आणि शेजारी फोटो मधुमेहाच्या गोळीचा. औषधं मागवायच्या अ‍ॅपमध्ये हे होतंय, आणि या बगला प्राधान्य काय दिलंय? 'कमी'! का, तर म्हणे जरा स्क्रोल केलं की बरोबर फोटो येतो. अहो, घरातली म्हातारी माणसं औषधाचं लांबलचक नाव वाचत बसत नाहीत, पट्टीचा रंग बघून बोट ठेवतात. त्यांनी स्क्रोल करून खात्री करून घ्यायची का? आणि हे फोटो आम्ही आणतो कशाने? आरएक्सजावाने. येणारा डेटा एक प्रवाह मानायचा आणि त्यावर तयार पायऱ्या, म्हणजे ऑपरेटर, साखळीसारख्या जोडत जायच्या, अशी ती लायब्ररी (तयार कोडचा संच). याच पद्धतीला रिअ‍ॅक्टिव्ह म्हणतात.

आणि हे का होतं हे अँड्रॉइडवर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. यादी दाखवणारा अँड्रॉइडचा भाग, रिसायकलरव्ह्यू, प्रत्येक औषधासाठी नवी ओळ बनवत नाही. वर सरकून दिसेनाशी झालेली ओळच खाली पुन्हा वापरतो. आता त्या ओळीसाठी आधी मागवलेला फोटो अजून नेटवर्कवर रखडलेला आहे, तेवढ्यात तीच ओळ दुसऱ्या औषधाला दिली गेली. नवा फोटो आधी आला, जुना मागाहून आला आणि नव्याच्या डोक्यावर बसला. आमच्या कोडमध्ये ओळ भरताना दर वेळी नवं सबस्क्राइब होतं (फोटोची नवी मागणी लागते), जुनं कोणी डिस्पोज, म्हणजे रद्द, करतच नाही. काही ठिकाणी तर फोटोंच्या पत्त्यांचा प्रवाह करून त्यावर फ्लॅटमॅप हा ऑपरेटर लावलाय. फ्लॅटमॅप सगळ्या विनंत्या जिवंत ठेवतो आणि उत्तरं कोणत्या क्रमाने येतील याची काहीही हमी देत नाही! तिथे स्विचमॅप हवा होता. नवा पत्ता आला की तो जुनं काम सोडून देतो. एका शब्दाचा फरक आहे, पण ट्युटोरियलमध्ये एकच फोटो, एकच पडदा, वेगवान वायफाय. तिथे फ्लॅटमॅपही चालतो. तेवढं बघायचं, उचलायचं आणि लाखो लोकांच्या फोनवर पाठवून द्यायचं.

आयफोनवाल्यांनी हसू नये. आरएक्सजावाचं आयफोनवरचं भावंड आरएक्सस्विफ्ट, त्यातही सेल (यादीतली ओळ) पुन्हा वापरला जाताना जुनी डिस्पोजबॅग (सबस्क्रिप्शनं एकदम रद्द करायची पिशवी) टाकून नवी द्यावी लागते, आणि तीही लोक विसरतातच.

बरं, कोणीतरी शहाण्याने जुनं सबस्क्रिप्शन डिस्पोज करायला सुरुवात केली, तर अ‍ॅप क्रॅश व्हायला लागलं. आरएक्सजावा २ पासून नियम असा, की सबस्क्रिप्शन बंद झाल्यावर आलेली चूक कोणाला सांगता आली नाही तर ती अनडिलिव्हरेबल एक्सेप्शन (कोणापर्यंत न पोहोचलेली चूक) म्हणून थेट जागतिक हँडलरकडे, म्हणजे न झेललेल्या सगळ्या चुका शेवटी घेणाऱ्या कोडकडे जाते, आणि अँड्रॉइडवर तिथे अ‍ॅप मरतं. डिस्पोज केलं की डाउनलोड करणारा थ्रेड (कामाचा स्वतंत्र धागा) मध्येच थांबवला जातो, तो चूक फेकतो, ती घ्यायला कोणी उरलेलं नसतं. म्हणजे माणसाने भराभर स्क्रोल केलं की खेळ खलास. हे कळल्यावर आमच्याकडे काय केलं? जागतिक हँडलर रिकामा ठेवला! कंसात काहीच नाही! नेटवर्क तुटल्याच्या चुका गप्प केल्या, आणि त्यांच्यासोबत खरे बगही कायमचे गप्प झाले. अरे, ते एक्सेप्शन उघडून आतलं कारण बघा, नेटवर्कचं किंवा थ्रेड थांबवल्याचं असेल तर सोडा, बाकीचं वर जाऊ द्या. पाच-सहा ओळींचं काम आहे. ते न करता पेशंटचं तोंड बांधून 'तक्रार नाही' असं लिहायचं?

मेमरीचं तर बोलायलाच नको. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. मेमरीत उघडला की ४८ एमबी. फाइल डाउनलोड करताना २-३ एमबीची असेल, पण उघडल्यावर ४८! आणि आपल्याला दाखवायचाय तो ३०० बाय ३०० च्या चौकटीत, ज्याला साडेतीन लाख बाइटच्या आसपास पुरतात. आमच्या साखळीत फोटो लहान करून उघडण्याची पायरीच नाही. साध्या फोनवर दहा ओळी सरकवल्या की अ‍ॅप धापा टाकतं. वर अब्झर्व्हऑन मेन थ्रेड, म्हणजे 'इथून पुढचं काम पडदा सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडवर', हे डीकोडच्या (फोटो उघडण्याच्या) आधी लिहिलंय, म्हणजे तो अख्खा फोटो मेन थ्रेडवर उघडला जातो. ६० फ्रेमच्या पडद्याला एका फ्रेमसाठी १६ मिलिसेकंद मिळतात, त्यात हे कसं बसायचं? मेन थ्रेडवर नेटवर्क वापरलं तर अँड्रॉइड लगेच एक्सेप्शन फेकतो, पण डीकोड केलं तर गप्प बसतो. नुसतं स्क्रोल अडखळतं, आणि कोडच्या रिव्ह्यूत कोणाच्या लक्षात येत नाही, कारण रिव्ह्यू करणाऱ्याच्या हातात महागडा फोन असतो.

खराब फाइल आली तर? बिटमॅप, म्हणजे फोटो, उघडणारं फंक्शन नल ('काहीच नाही') देतं, आरएक्सजावा २ ला नल अजिबात चालत नाही, तिथे चूक उठते आणि चूक उठली की प्रवाह संपतो. कायमचा. म्हणून सर्व्हरवर एका औषधाचा फोटो अर्धवट अपलोड झाला, तर त्याच्या पुढच्या सगळ्या ओळी राखाडी. चूक आतल्या, त्या एका फोटोच्या प्रवाहात झेलायची असते. आमच्याकडे ती बाहेर झेललीय, सगळं संपल्यावर. आणि ज्या पडद्यावर काहीच झेललं नव्हतं तिथे कोणीतरी रीट्राय (चूक आली की पुन्हा प्रयत्न) लावून ठेवलाय, कितीदा करायचं तो आकडा न देता. फोटो सर्व्हरवर नाहीच, ४०४ येतंय, आणि अ‍ॅप पुन्हा मागतंय, पुन्हा मागतंय. पडदा उघडा आहे तोवर! कोणाचा डेटा पॅक जळतोय? तुमचा नाही. दिवसाच्या दीड जीबीत घर चालवणाऱ्या माणसाचा जळतोय.

माझं आरएक्सशी वैर नाही. शोधाच्या चौकटीत ३०० मिलिसेकंद थांबायचं, जुना शोध सोडायचा, नवा पाठवायचा, यासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये आरएक्सजावा खुलं केलं ते सर्व्हरवर अनेक सेवांची उत्तरं एकत्र गुंफायच्या गरजेतून. तिथे ते शोभतं. पण यादीतल्या फोटोचं आयुष्य त्या चौकटीशी बांधलेलं असतं. चौकट गेली की काम थांबायला हवं, चौकट दुसऱ्याला दिली की जुनी मागणी रद्द व्हायला हवी. ग्लाइड या फोटोंच्या लायब्ररीला इमेजव्ह्यू (फोटोची चौकट) दिला की ती लायब्ररी हे स्वतः करते, चौकटीच्या मापाने फोटो उघडते, मेमरीत आणि डिस्कवर साठवते. पिकासो ही दुसरी लायब्ररीही त्याच चौकटीची जुनी विनंती रद्द करते. कोरूटीनवर (कोटलिन भाषेतली, मेन थ्रेड न अडवता काम करायची पद्धत) काम करणाऱ्यांना कॉइल आहे. आयफोनला किंगफिशर आहे, न्यूक आहे. वर्षानुवर्षं लोकांनी यातले बग सोसून, निस्तरून ठेवलेत. फुकट! आणि आमच्याकडे? 'बाहेरची लायब्ररी नको, आपलं आर्किटेक्चर रिअ‍ॅक्टिव्ह आहे.' अरे, आरएक्सजावा काय तुमच्या घरी बनलं? तेही बाहेरचंच, आणि तुम्ही वापरताय ती दुसरी आवृत्ती २८ फेब्रुवारी २०२१ ला बंद झाली. त्यात आता कोणी काही दुरुस्त करणार नाही.

मी ती सगळी साखळी काढून ग्लाइड बसवलं आणि पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) टाकली. फोटो योग्य जागी येतात, स्क्रोल अडखळत नाही, साध्या फोनवरही नाही. रिव्ह्यूत पहिली टिप्पणी आली: 'हे बाकीच्या कोडच्या शैलीशी सुसंगत नाही.' शैली! एका गोळीसमोर दुसरी गोळी दाखवणाऱ्या कोडची शैली सांभाळायची आहे यांना. ती पुल रिक्वेस्ट मी मागे घेणार नाही. ज्यांना हरकत आहे त्यांनी साधा फोन हातात घ्यावा, गावाकडच्या नेटवर्कवर ही यादी वरखाली सरकवावी, आणि मग मला शैली शिकवावी.