‘पाच मिनिटे डोळे मिटून’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘घरातील अंध व्यक्तीसाठी रोजच्या वापरातील काही सोयी’ या माझ्या लेखावर ‘एक डिचोलीकर’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया लेखाखाली आहेच. तिला तेथेच चार ओळींत उत्तर देता आले असते. परंतु ज्या सुरात ती लिहिली आहे तो सूर चार ओळींत आवरण्यासारखा नसल्यामुळे हे स्वतंत्र लिहीत आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश असा: नोटा ओळखणाऱ्या ‘मनी’ या अ‍ॅपला इंटरनेट लागते असे मी लिहिले ते चूक आहे, यूपीआयचा पिन घरातील एका विश्वासू माणसाला सांगून ठेवावा हा माझा सल्ला धोक्याचा आणि अपमानास्पद आहे, मराठी पीडीएफ आणि बँकांची केवायसी या खऱ्या अडचणींविषयी मी अवाक्षर काढलेले नाही, आणि माझ्या बहुतेक सूचना अंध माणसाने करायच्या नसून त्याच्यासाठी दुसऱ्याने करायच्या आहेत. यानंतर शेवटचे वाक्य येते, ते जसेच्या तसे देतो: ‘पाच मिनिटे डोळे मिटून टॉकबॅक चालवून पाहिलेल्या माणसाने आम्हाला शिकवू नये, आणि पर्पल फेस्टमध्ये फोटो काढून घेतला म्हणून कोणी आमचा होत नाही.’ (टॉकबॅक म्हणजे स्क्रीनवर जे असेल ते बोलून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधील सोय.)

टीकेचे मला वावडे नाही. परंतु ज्या गृहस्थांनी मला कधी पाहिलेले नाही, माझ्या घराचा उंबरठा ओलांडलेला नाही, त्यांनी मी किती मिनिटे डोळे मिटले याचा हिशेब कोठून आणला, हे मला समजलेले नाही. २०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला तेव्हा मी तेथे होतो, हे खरे आहे. फोटोही काढला, हेही खरे आहे. तो माझ्या आईबरोबरचा होता.

आईची दृष्टी काचबिंदूने गेली. काचबिंदूत बहुधा आधी कडेची नजर जाते आणि समोरचे बराच काळ नीट दिसत राहते, त्यामुळे आपले काही हरवते आहे हे त्या माणसाच्याही लक्षात येत नाही. आणि एकदा गेलेली नजर कोणत्याही औषधाने वा शस्त्रक्रियेने परत येत नाही. तुळशीपुढे दिवा लावताना आईचा हात पणतीच्या बाजूने जाऊ लागला, तेव्हा चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून आम्ही हसण्यावारी नेले होते. २०१४ च्या चतुर्थीला तिने नेवऱ्यांच्या कडा मुरडल्या त्या निव्वळ बोटांनी चाचपून, आणि त्या दिवशी घरात कोणी हसले नाही. तेव्हापासून आजतागायत मी तिच्याच घरात राहतो. डिचोलीकरांनी याची मिनिटे करून पाहावीत.

त्या वेळी तिच्याकडे बटणांचा फोन होता. अशा फोनच्या ५ या आकड्यावर तिळाएवढा उंचवटा असतो; एटीएमच्या कळांतही तो ५ वरच असतो. तेवढ्या एका तिळाच्या आधाराने ती सगळे नंबर लावत असे आणि तिला कोणाची गरज नव्हती. २०१८ साली तो फोन कायमचा बंद पडला आणि मी तिला काचेचा, सपाट फोन आणून दिला. आवाज कमीजास्त करण्याची दोन्ही बटणे तीन सेकंद एकत्र दाबून धरली की टॉकबॅक बोलू लागतो, इतके मला ठाऊक होते. पुढचे ठाऊक नव्हते. एक बोट काचेवरून फिरवत ऐकत जायचे, हवी ती गोष्ट ऐकू आली की दोनदा टिचकी मारायची, पान सरकवायचे असेल तर दोन बोटे एकत्र ओढायची, एवढेच ते तंत्र आहे. पण पहिल्या आठवड्यात तिच्या दोन टिचक्यांमध्ये इतके अंतर पडत असे की फोनला त्या दोन वेगळ्या टिचक्या वाटत आणि काहीच उघडत नसे. तांदूळ निवडताना खडा उचलावा तसे ती बोट उचलत होती. शेजारणीच्या दारावर टकटक करतेस तशी कर, असे सांगितल्यावर एका दुपारी ते जमले.

हे सांगणारा मी नव्हतो, हेही लिहून टाकतो, नाहीतर उद्या तेही उकरून काढले जाईल. फोंड्याच्या बसस्थानकावर ओळख झालेल्या एका अंध तरुणाने घरी येऊन दोन दुपारींत तिला जे शिकवले, ते मला तीन महिन्यांत जमले नव्हते. परंतु त्याला घरी घेऊन येणारा मीच होतो. आज ती टॉकबॅकच्या मराठी आवाजात वर्तमानपत्र ऐकते, आणि नातलगांचे कोंकणी निरोपही त्याच आवाजात ऐकते. देवनागरीत लिहिलेले ‘म्हाका’ आणि ‘आसा’ त्या आवाजाला बऱ्यापैकी पेलते. निरोप रोमन लिपीत आला की त्याचा पार चुथडा होतो, आणि आमच्या नात्यातील तरुण मंडळी तर रोमनशिवाय टंकतच नाहीत.

आता ‘आम्हाला शिकवू नये’ याविषयी. लेखाचे शीर्षक पुन्हा वाचावे, ही विनंती. तो लेख आपल्याला शिकवण्यासाठी लिहिलेला नव्हताच. ज्यांच्या घरी अंध माणूस आहे आणि जे दर दिवाळीला एक नवे यंत्र आणून स्वयंपाकघरात ठेवतात, त्या डोळस मंडळींसाठी तो होता. घरगुती उपकरणांची दुरुस्ती हा माझा बावीस वर्षांचा व्यवसाय आहे, आणि या काळात बटण नावाची वस्तू माझ्या टेबलावरून कशी नाहीशी होत गेली ते मी पाहिले आहे. इंडक्शनची शेगडी घ्या. वर गुळगुळीत काच, त्या काचेखालीच सगळी नियंत्रणे, बोट ठेवले की एक ‘टुंक्’, आणि चालू केले, वाढवले, कमी केले वा बंद केले तरी तोच एक ‘टुंक्’. बोटाने शोधायला जावे तर शोधतानाच शेगडी चालू होते. आमच्या घरी मी प्रथम त्या काचेवर नखरंगाचे ठिपके दिले, ते रोजच्या पुसण्याने दोन महिन्यांत गेले. मग एम-सीलचे मुगाएवढे थेंब लावले. पण ते नियंत्रणाच्या नेमके वर लावले तर जाड थरातून काचेला बोटाचा स्पर्श कळत नाही. म्हणून थेंब अर्धा इंच वर लावायचा आणि थेंबावरून बोट सरळ खाली आणायचे. परवा ही प्रतिक्रिया आईला वाचून दाखवावी म्हणून आत गेलो, तर तिने ती आधीच ऐकलेली होती. ती काही बोलली नाही. उठून चहाचे आधण ठेवले, एकदा चालू, तीनदा कमी, मोजून चार ‘टुंक्’.

धुलाई यंत्राचेही तसेच. अर्धस्वयंचलित यंत्राची चावी एका ठिकाणी अडते, तेथून कट्‌कट् मोजत पुढे जाता येते आणि वेळ संपली की ती आपोआप मूळ जागी येते. अलीकडच्या पूर्ण स्वयंचलित यंत्रांपैकी पुष्कळांवरची गोल चावी मात्र कोठेही न अडता फिरतच राहते. तिला आरंभ नाही आणि शेवट नाही, त्यामुळे मोजायचे कोठून हाच प्रश्न असतो, आणि निवडलेला कार्यक्रम दिव्याने दाखवला जातो. ज्यांना नवे यंत्र घ्यायचे आहे त्यांनी दुकानात डोळे मिटून ती चावी एकदा फिरवून पाहावी, असे मी लेखात लिहिले होते. ‘डोळे मिटून’ हे शब्द डिचोलीकरांनी बहुधा तेथूनच उचलले असावेत. हा सल्ला ज्याला अपमानास्पद वाटतो त्याला मी काय सांगणार?

नव्या फोनवर पहिल्या स्क्रीनपासूनच टॉकबॅक सुरू करता येतो, आयफोनवर बाजूचे बटण तीनदा दाबून व्हॉइसओव्हर ही तशीच बोलकी सोय सुरू होते, तेव्हा त्यासाठीही ‘डोळस मालक’ लागत नाही, असे आपण लिहिता. ‘मालक’ हा शब्द माझा नाही. बाकी विधान बरोबर आहे. परंतु ते बटण दाबायचे आहे हे साठी उलटलेल्या माणसाला कोणीतरी पहिल्यांदा सांगावेच लागते, आणि माझ्या अनुभवात तो कोणीतरी घरचाच असतो.

‘मनी’विषयीची माझी चूक मात्र मान्य. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी आणलेले हे अ‍ॅप एकदा उतरवून घेतले की इंटरनेटविना चालते. नोट कॅमेऱ्यापुढे धरली की ती किती रुपयांची ते सांगते, खरी की खोटी ते सांगत नाही. मी लिहिलेले वाक्य दुसऱ्या एका अ‍ॅपला लागू होते आणि लिहिताना माझी गल्लत झाली. चूक दाखवल्याबद्दल आभारी आहे. पण या निमित्ताने हेही सांगतो की आई ते अ‍ॅप वापरतच नाही. तिचा भरवसा बोटांवर आहे आणि त्या भरवशाची परीक्षा नोटा छापणाऱ्यांनीच घेतलेली आहे. नव्या मालिकेत शंभराची नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. तिन्हींची रुंदी सारखीच, ६६. चार मिलिमीटरचा फरक म्हणजे दोन नोटा एकमेकींवर ठेवून कडा जुळवल्याशिवाय न कळणारा फरक. त्यात अजून चलनात असलेली जुन्या मालिकेतील शंभराची नोट १५७ मिलिमीटरची, म्हणजे आजच्या पाचशेहून लांब! शंभर आणि त्यावरील नोटांच्या दोन्ही कडांना उठावाच्या रेघा असतात, शंभराला चार आणि पाचशेला पाच, पण दमट हवेत महिनाभर फिरलेल्या नोटेवर त्या बोटाला लागतील तर शपथ. म्हणून आई पाचशेची नोट उभी दुमडते, दोनशेची आडवी, आणि शंभराची सरळ ठेवते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तिला अजून कोणी फसवलेले नाही.

पिनचा मुद्दा राहिला. पिन कोणालाही सांगू नये असे सगळ्याच बँका सांगतात, हे मलाही वाचता येते. पण बाजारात काय होते तेही पाहावे. क्यूआर कोडवर कॅमेरा नेमका धरणे न दिसणाऱ्या माणसाला जिकिरीचे, म्हणून दुकानदाराचा मोबाइल नंबर विचारून त्यावर पैसे पाठवायचे. दुकानातला तो लहानसा स्पीकर रक्कम मोठ्याने बोलला की पैसे पोहोचले हे कळते, आणि आईच्या मते अलीकडच्या काळात आलेली ती सर्वांत शहाणी वस्तू आहे. येथवर ठीक. परंतु तिच्या फोनमधील एका अ‍ॅपवर पिन भरताना बोटाखालचा प्रत्येक आकडा टॉकबॅक भर गर्दीत मोठ्याने उच्चारत असे, आणि आकडे शोधेपर्यंत दिलेली वेळ संपून सगळे पहिल्यापासून करावे लागत असे. दोनदा असे झाल्यावर पिन मला सांग, मी भरतो, असे मी तिला म्हटले. यात अपमान कोणाचा झाला? इयरफोन लावला की आकडे बाहेर ऐकू जात नाहीत, असे आपण एका ओळीत लिहून मोकळे झालात. कानात बोंडे घालून वाहतुकीचा आवाज अर्धा बंद करून रस्त्याकडेला उभी राहा, असे मी माझ्या आईला सांगायचे होते काय? पुढे तिने एका कानातला इयरफोन मागवून घेतला आणि पिनही बदलला, आणि नवा पिन मला सांगितलेला नाही. तो तिचा प्रश्न आहे. त्यावरून माझ्या सल्ल्याविषयी काही सिद्ध होते, असे मला वाटत नाही.

उरलेल्या गोष्टींविषयी थोडक्यात. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली मराठी पीडीएफ स्क्रीन रीडर (टॉकबॅकसारखी वाचून दाखवणारी सोय) वाचू शकत नाही, कारण त्या फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरेच असतात आणि फॉन्ट त्यांना केवळ मराठी रूप देतो. युनिकोडमध्ये टंकल्याशिवाय यावर इलाज नाही, आणि कार्यालयांनी कशात टंकावे हे माझ्या लेखाच्या हाती नाही. केवायसीविषयी ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपण मला वाचायला सांगता. डिजिटल सेवा उपलब्ध असणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे न्यायालयाने त्यात म्हटले आहे आणि केवायसीत कॅमेऱ्यापुढे करून दाखवाव्या लागणाऱ्या डोळ्यांच्या उघडझापीला पर्याय देण्याचे निर्देशही दिले आहेत, हे मला ठाऊक आहे. माझा लेख शेगडी, नोटा आणि फोन यांवर होता, न्यायालयावर नव्हता. एका लेखात सगळे का नाही, हा प्रश्न कोणत्याही लेखाला विचारता येतो.

मूळ लेखातील ‘मनी’विषयीचे वाक्य आज दुरुस्त केले आहे. पिनविषयीचा परिच्छेद जागेवरच ठेवला असून, ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी तसे करू नये, अशी एक ओळ त्याखाली जोडली आहे. एम-सीलचे थेंब कोठे लावायचे याची मापे काही वाचकांनी मागितली होती, तीही आता सेंटिमीटरमध्ये, आकृतीऐवजी शब्दांत दिली आहेत. डिचोलीकरांची पुढची प्रतिक्रिया त्यांच्या नावाने आली तर तिला अवश्य उत्तर देईन. टोपणनावाने आली तर ती प्रसिद्ध होईल, उत्तर मिळेलच असे नाही.