दाराची बेल का वाजवली नाही, असे विचारणाऱ्यांसाठी

आज सकाळपासून आमच्या इमारतीच्या गटात माझी जी थट्टा चालली आहे, ती मी दुपारपर्यंत मुकाट्याने वाचली. आता मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. शेजारच्या घरातून गॅसचा वास येत असताना मी बेल वाजवण्याऐवजी दोन्ही मुठींनी दार का बडवले, आणि दार उघडताच 'पंखा लावू नका' असे का ओरडले, हा सर्वांच्या करमणुकीचा विषय झालेला आहे. दरोडा पडल्यासारखे वाटले, असे एकाने लिहिले, आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

तर ऐका. बेलचे बटण दाबल्यावर आत ठिणगी पडू शकते. दिव्याचे बटण लावताना पडते आणि बंद करतानाही पडते, आणि ही दुसरी गोष्ट लोकांच्या गावीही नसते. दिवा चालू दिसला की तो विझवणे म्हणजे सावधगिरी, असे आपण समजतो. प्रत्यक्षात लागलेला दिवा तसाच राहू द्यायचा असतो आणि बंद असलेलाही तसाच राहू द्यायचा असतो. काकूंनी दार उघडले तेव्हा त्यांचा मुलगा स्वयंपाकघरात धूर ओढून घेणाऱ्या पंख्याच्या बटणापर्यंत पोहोचलेला होता. वास बाहेर जावा हा त्याचा हेतू चांगलाच होता. पण तो पंखा त्या गॅसमिश्रित हवेतच फिरणार, त्याचे बटण त्याच हवेत दाबले जाणार, आणि त्याची मोटारही त्याच हवेत चालणार, एवढा विचार त्या क्षणी कोणाला सुचतो? सुचत नाही, म्हणूनच तो आधी करून ठेवायचा असतो.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. तो हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे वर न जाता जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली साचतो, मोरीत उतरतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण 2 टक्क्यांच्या पुढे गेले की एक ठिणगी पुरते. नळीने येणारा नैसर्गिक वायू म्हणजे बहुतांशी मिथेन. तो हवेपेक्षा हलका, म्हणून छताकडे चढतो आणि साधारण 5 टक्क्यांपासून पेट घेतो. आपल्या घरात यांपैकी कोणता गॅस आहे हे माहीत नसणारी सुशिक्षित माणसे मी पाहिलेली आहेत. सिलिंडरमधला गॅस आत दाबाखाली द्रवरूपात असतो आणि बाहेर पडल्यावर सुमारे अडीचशे पट फुगतो. 'थोडासाच तर गळला असेल' असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मान्य आहे, वास आला म्हणजे लगेच स्फोट होणार असे नसते. वास मुद्दाम इतका उग्र ठेवलेला असतो की धोक्याच्या पातळीच्या बराच आधी तो नाकाला कळावा. पण दाराबाहेर उभे राहून ओट्याखाली किती गॅस साचला आहे हे मला कसे कळणार होते?

हा वासही मुळात गॅसचा नव्हे. या वायूंना स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. सडक्या वस्तूसारखा उग्र वास देणारे मर्कॅप्टन नावाचे गंधकयुक्त द्रव्य त्यात मुद्दाम मिसळतात. 18 मार्च 1937 रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू जमिनीखालच्या पोकळीत साचत राहिला, कोणालाही पत्ता लागला नाही, आणि कार्यशाळेतील एका विजेच्या यंत्राच्या ठिणगीने तो पेटला. जवळपास तीनशे जीव गेले, त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर तेथे गॅसमध्ये वास मिसळणे कायद्याने सक्तीचे झाले. ज्या वासासाठी एवढी किंमत मोजली गेली, त्याला आपण 'येतो कधी कधी, वाऱ्याने आला असेल' म्हणून वाटेला लावतो, तेव्हा खरोखर संताप येतो.

आणि आता त्या महाशयांविषयी, ज्यांनी गटात लिहिले की पूर्वीचे लोक काडी ओढून गळती शोधत असत आणि कोणी मेले नाही. जे मेले ते आज गटात येऊन लिहिणार आहेत का? गळती शोधायला साबणाचे पाणी लागते, दुसरे काही नाही. आज दुरुस्तीला आलेल्या माणसाने, घर पूर्ण मोकळे झाल्यावर, तोच प्रयोग केला. रेग्युलेटरला जिथे रबरी नळी बसवतात, तिथे त्याने फेस लावला, आणि नळीच्या खालच्या बाजूला एक बारीक बुडबुडा फुगला, फुटला आणि त्याच जागी पुन्हा फुगला. त्याने नळी वाकवून दाखवली, तेव्हा वरून गुळगुळीत दिसणाऱ्या रबरावर केसासारख्या भेगा उघडल्या. नळीवर छापलेली मुदत केव्हाच उलटून गेलेली होती. ती नळी रोज पुसली जात होती, हे विशेष.

काकूंचा मात्र मला राग आलेला नाही. त्या जिन्यात उभ्या राहून पुन्हा पुन्हा सांगत होत्या की वास त्यांना कालपासून येत होता, मग येईनासा झाला, म्हणून त्यांना वाटले, गेला. वास गेला नव्हता, नाक सरावले होते. सतत तोच वास येत राहिला की नाक त्याची नोंद घेणे सोडून देते, आणि वय झालेल्या माणसांचे नाक आधीच मंद झालेले असते. बाहेरून आलेल्या मला जे पहिल्या श्वासात जाणवले, ते आत बसलेल्या त्यांना जाणवत नव्हते, यात त्यांचा काय दोष? म्हणून शेजाऱ्याने दार बडवायचे असते. लाजायचे नसते, 'आपल्याला काय करायचे आहे' असे म्हणायचे नसते.

दार उघडल्यावर आम्ही केले ते एवढेच: शेगडीची बटणे पाहिली, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि सर्वांना खाली नेले. उदबत्ती, मेणबत्ती काही पेटलेले असते तर तेही विझवले असते. फोन खाली, उघड्यावर गेल्यावर केला. मोबाइलने स्फोट होण्याची शक्यता फार कमी असते, हे मला ठाऊक आहे. पण जिना उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ फोन खिशात राहिला तर कोणाचे काय बिघडते? घराचा मुख्य विद्युतपुरवठा बंद करावा का, यावरही गटात वाद झाला. तो खटका घराबाहेर, मोकळ्या हवेत असेल तर जरूर करावा. आत, वास असलेल्या खोलीत असेल तर त्याला हातसुद्धा लावू नये. फ्रिजचे बटण तर आपण दाबतही नाही, तो स्वतःच्या मर्जीने चालू-बंद होतो. म्हणून खिडक्या उघडल्यावर आत रेंगाळायचे नसते. आणि रेग्युलेटर बंद करूनही सूं सूं आवाज येत राहिला, तर तिथे शौर्य दाखवत न बसता घर सोडायचे आणि बाकीचे काम जाणकारांवर सोपवायचे.

गळतीची सूचना देणारे यंत्र बसवण्याचा विषय मी काढला तेव्हा ते उगीच केकाटत राहते, अशी तक्रार आली. केकाटते, खरे आहे. पण ज्यांच्या घरी वय झालेली माणसे आहेत, त्यांनी तरी ते बसवावे, आणि योग्य उंचीवर बसवावे: सिलिंडर असेल तर जमिनीजवळ, नळीचा नैसर्गिक वायू असेल तर छताजवळ. उलट बसवलेले यंत्र शांत राहील आणि तुम्ही निर्धास्त राहाल.

काकूंच्या घरी नवी नळी बसली आहे. त्यांनी त्या माणसाकडून दोन्ही टोकांना पुन्हा फेस लावून घेतला, स्वतः वाकून पाहिले आणि मगच शेगडी पेटवू दिली.