सर, पुरी किती खाल्ली होती?

12 वर्षं मालिकांमध्ये मी कुणाचा ना कुणाचा मोठा भाऊ होतो. काम सुखाचं. मेकअप करायचा, सीन हातात आला की घोकायचा आणि दुपारच्या जेवणानंतर दिग्दर्शकाच्या खुर्चीमागे उभं राहून मनात म्हणायचं, 'याच्यापेक्षा मी बरं केलं असतं.' एकदा ते तोंडातून निघालं. चॅनेलच्या माणसाने ऐकलं. संपलं.

दिग्दर्शनाच्या पहिल्याच दिवशी वाट्याला आलं डायनिंग टेबल. खडकवासल्याजवळचा बंगला, सात माणसं, श्रीखंड-पुरी आणि जमिनीची वाटणी. मारामारी परवडली, जेवणाचा सीन नको. आधी सगळ्यांचा मिळून मास्टर, मग एकेकाचे क्लोज. आणि दर वेळी पुरी तेवढीच तुटलेली हवी. त्यात कॅमेऱ्याने लाइन, म्हणजे समोरासमोरच्या दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा, ओलांडली की समोरासमोर बसलेले दीर-भावजय एकाच दिशेला बघत भांडताना दिसतात. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये हे शिकवतात. तिथे 1974 पासून टीव्हीचाही विभाग आहे. मी त्या फाटकासमोर फक्त चहा प्यायलोय.

"सर, काकूंचा लुक लेफ्ट की राइट?" कॅमेरामनने विचारलं.

"सरळ," मी ठणकावून सांगितलं. तो लाइटदादाकडे बघून हसला.

मुरलेले नट मास्टरमध्ये पुरीचा तुकडा श्रीखंडात नुसता फिरवत बसतात, घास घेत नाहीत. आमचा धाकटा दीर नवा, त्यात सकाळपासून उपाशी. मास्टरमध्येच पठ्ठ्याने चार पुऱ्या हाणल्या. मग त्याचा क्लोज, दुसऱ्यांच्या क्लोजमध्ये याचा खांदा, वर चॅनेलला हव्यात म्हणून रिॲक्शन. सतराव्या पुरीला तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती खरं तर स्क्रिप्टमध्ये बापासाठी होती. मी तोच टेक ठेवला.

प्रश्न मात्र संपेनात. मंगळसूत्र पदरावर की आत? आजींचा चष्मा होता की नव्हता? शेजारचा कुकर थांबेपर्यंत थांबायचं की डबिंगवर ढकलायचं? नट होतो तेव्हा मला एकच प्रश्न यायचा: चहा की कॉफी.

साडेचारला काकांचं काम करणारे हळूच जवळ आले. "सहाला सोड रे. बालगंधर्वला साडेनऊचा प्रयोग आहे."

हे वाक्य माझं! याच वाक्यावर किती दिग्दर्शकांचे शाप घेतलेत. पण आता खुर्ची माझी होती. "काका, हा एपिसोड उद्या जायचाय. 22 मिनिटं भरायची कशी? प्रयोगाचं निदान आधी सांगायचं तरी!"

"तुला काय सांगायचं? दुसऱ्या अंकात माझा खून तूच करतोस ना?"