'सांगणारा कोणी नसतो' म्हणणाऱ्या वाचकांस

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल सकाळी पुन्हा वाचली, आणि उत्तर द्यायचे नाही असे ठरवून दुपारी उत्तर लिहायला बसलो. जनावरे अंगाने कशी बोलतात यावरचा 'मुक्या जनावरांचे बोलणे' हा माझा लेख आपणांस पटला नाही, याचे मला वाईट वाटलेले नाही. न पटणाऱ्यांसाठीच लेखाखाली जागा मोकळी ठेवलेली असते. खटकला तो सूर. 'गुराढोरांच्या डॉक्टरांनी भाषाशास्त्रात लुडबुड केली की असा भाबडेपणा जन्माला येतो' हे आपले पहिलेच वाक्य आहे, आणि खाली सही आहे ती नुसती 'एक भाषाभ्यासक' अशी. मी माझ्या नावाने लिहितो आणि माझा धंदा काय होता तेही लपवीत नाही. दुसऱ्याच्या व्यवसायावर बोट ठेवणाऱ्याने निदान स्वतःचे नाव सांगावे, एवढी अपेक्षा आमच्या पिढीत तरी गैर समजली जात नव्हती.

आधी माझ्या पदरातली चूक. मधमाशीच्या नाचाचा अर्थ उलगडणारे शास्त्रज्ञ कार्ल फोन फ्रिश यांना नोबेल पारितोषिक १९७२ साली मिळाल्याचे मी लिहिले होते. ते १९७३ साली, कोनराड लॉरेन्ट्स आणि निको टिनबर्गन यांच्यासह मिळाले. आपण दाखवून दिलेत, मी दुरुस्त केले, त्याबद्दल आभारी आहे. साल चुकल्यामुळे मधमाशीच्या नाचाचा अर्थ बदलत नाही, पण चूक ती चूकच.

इतर वाचकांच्या सोयीसाठी आपल्या आक्षेपांचा सारांश देतो. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी भाषेची जी वैशिष्ट्ये सांगितली त्यांत 'समोर नसलेल्या गोष्टीबद्दल बोलता येणे' हे एक महत्त्वाचे आहे आणि ते प्राण्यांत नाही, असे आपले म्हणणे आहे. टाप आपटून गणिताची उत्तरे देणाऱ्या बर्लिनच्या हान्स घोड्याचे आणि खुणांची भाषा शिकवलेल्या निम चिंपांझीचे दाखले देऊन प्राण्यांच्या भाषेच्या गोष्टी कशा फोल ठरल्या हे आपण सांगितले आहे. आणि मग ते वाक्य, जे मी जसेच्या तसे उतरवतो: 'प्राण्यांचे हावभाव ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया असते, त्यात सांगणारा कोणी नसतो आणि कोणी काही सांगतो आहे असा भास फक्त मालकाला होतो.'

बाकीचे मुद्दे सावकाश घेऊ. या वाक्यावर मात्र मला बोलले पाहिजे, कारण माझ्या नोकरीची एकतीस वर्षे या एका वाक्यात आपण निकालात काढली आहेत.

पहिल्यांदा 'मालकाला होणारा भास' पाहू. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात असताना एक शेतकरी आपली खिल्लार गाय घेऊन आला. चार दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती, रवंथ बंद होता, आणि घरच्यांनी अपचन समजून गूळ आणि ओवा देऊन झाला होता. आमचा दवाखाना रस्त्याच्या खालच्या अंगाला होता. सपाट रस्त्यावरून निमूट चालत आलेली ती गाय दवाखान्याच्या उतारावर येताच थांबली आणि कासरा कितीही ओढला तरी पाऊल टाकीना. पाठ कमानीसारखी वर, पुढच्या पायांची कोपरे अंगापासून बाहेर काढलेली, मान लांब. मी तिच्या वशिंडामागची कातडी दोन्ही हातांनी चिमटीत धरून दाबली. निरोगी जनावर अशा वेळी पाठ खाली दबवते. तिने पाठ ताठच ठेवली आणि श्वास रोखून एकदाच, अगदी हळू, कण्हली. जाळीपोट, म्हणजे गायीच्या पोटाचा एक कप्पा, हृदयाच्या अगदी जवळ असते, आणि तिथे टोकदार वस्तू रुतली की गाय उतार उतरत नाही, कारण उतारावर पोटातला सगळा भार पुढे सरकतो. शस्त्रक्रिया झाली तेव्हा कुंपणाच्या तारेचा बोटभर तुकडा निघाला.

आपण म्हणाल, हे लक्षण झाले, सांगणे नव्हे. ताप चढलेला माणूस 'तापाची भाषा' बोलतो असे आपण म्हणत नाही. मान्य. ती गाय मला काही सांगायला आली नव्हती, आणि उलट शिकार होणारी जनावरे दुखणे होईल तेवढे झाकतात हेही मी जाणतो. पण मग 'भास' या शब्दाचे काय करायचे? तारेचा तुकडा भासातून निघाला नाही. त्या शेतकऱ्याला कातडी दाबण्याची परीक्षा ठाऊक नव्हती, तरी दवाखान्यात शिरताना तो मला एवढेच म्हणाला होता की, 'सायेब, ही उताराला भितीया, असं कधी करत नव्हती.' निदान त्याने केले होते. मी फक्त शिक्का मारला.

आणि भाबडेपणाचेच म्हणाल, तर गोठ्यातल्या भाबडेपणाशी मी आयुष्यभर भांडत आलो आहे. मिळणारे दूध एकाएकी आटले की आपल्याकडे 'गाय पान्हा चोरते' असे म्हणतात, आणि चोर म्हटले की काठी आलीच. गाय काही चोरत नाही. वासराने ढुशी दिली किंवा ओळखीचा हात सडाला लागला की तिच्या रक्तात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक उतरते आणि पान्हा फुटतो. नवखा माणूस, आरडाओरडा किंवा मार यामुळे ती घाबरली की ॲड्रेनलिन हे भीतीचे संप्रेरक त्याला आडवे येते आणि दूध कासेतच राहते. हे मी शेकडो गोठ्यांत उकिडवा बसून समजावले आहे. जनावराच्या अंगात माणसाचा हेतू घुसडू नये, हा धडा आपण मला आज देत आहात. मी तो काठी उगारलेल्या माणसांना देत होतो.

आता 'सांगणारा कोणी नसतो' हा भाग. कोंबड्यापासून सुरुवात करू, कारण तो कोणाच्याही परसात सापडतो. आकाशात घार दिसली तर कोंबडा बारीक, लांबट सूर काढतो आणि कोंबड्या अंग चोरून दबा धरतात व वर पाहतात. मांजर किंवा मुंगूस दिसले तर तोच कोंबडा मान उंच करून तुटक कॅक-कॅक सुरू करतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक पीटर मार्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट तपासली. पिंजऱ्यातल्या कोंबड्याच्या डोक्यावरून ससाण्याच्या आकाराची आकृती सरकवली, एकदा तो एकटा असताना आणि एकदा शेजारी कोंबडी असताना. घाबरून दबणे, थिजणे, वर पाहणे हे दोन्ही वेळा सारखेच झाले. इशाऱ्याचा आवाज मात्र कोंबडी शेजारी असताना कितीतरी अधिक वेळा निघाला. एकटा असताना तो बहुधा गप्प राहिला. आवाज म्हणजे भीतीने उडणारी पापणी असती, तर भीती तेवढीच असताना आवाज का बदलावा? शिंक शेजारी कोण आहे हे पाहून येत नाही.

कुत्र्यांबद्दलही असेच. पोर्ट्समथ विद्यापीठातील युलियाने कामिन्स्की यांच्या गटाने २०१७ साली २४ पाळीव कुत्र्यांचे चेहरे चित्रित करून मोजणी केली. माणूस कुत्र्याकडे तोंड करून उभा असताना चेहऱ्यावरच्या हालचाली, विशेषतः भुवया आतून वर उचलून डोळे मोठे करण्याची ती आपल्या ओळखीची करुण मुद्रा, पाठमोऱ्या माणसापेक्षा जास्त झाल्या. माणसाच्या हातात खाऊ असण्या-नसण्याने मात्र फरक पडला नाही. कुत्रा मनात काय योजतो हे यावरून सिद्ध होत नाही आणि मी तसा दावाही करीत नाही. पण समोर पाहणारा आहे की नाही याचा हिशेब जो ठेवतो, त्याला 'कोणी नाही' म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही.

पाहणारे असले की आवाज चढतो हे कोंबड्याच्या बाबतीत सिद्ध झाले आहे. चारचौघांत प्रतिक्रिया लिहिणाऱ्या माणसाच्या बाबतीत मी काही म्हणत नाही. आपल्या पत्रात उद्गारचिन्हे अकरा आहेत, एवढेच नोंदवतो.

मालक नावाचा प्राणी जिथे नाहीच, तिथे भास कोणाला होतो हेही आपण सांगायला हवे होते. ताडोबात किंवा पेंचमध्ये झाडावरच्या वानराने वाघ पाहून खोकल्यासारखा इशारा दिला की खाली चरणारी चितळे माना वर करतात, पाय आपटतात आणि स्वतःही इशारा देऊ लागतात. दोन वेगळ्या जातींची जनावरे एकमेकांच्या आवाजावर जीव टाकून आहेत. केनियातील अंबोसेली येथे रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि मार्लर यांनी व्हर्व्हेट माकडांचे इशारे ध्वनिमुद्रित करून, शत्रू आसपास नसताना लपवलेल्या ध्वनिक्षेपकावरून ऐकवले. १९८० साली ते प्रसिद्ध झाले. बिबट्याचा इशारा ऐकून माकडे झाडावर चढली, गरुडाच्या इशाऱ्याला वर पाहू लागली, सापाच्या इशाऱ्याला मागच्या पायांवर उभी राहून गवतात शोधू लागली. पिल्ले तर गळणारे पान पाहूनही गरुडाचा इशारा देतात आणि मोठी होता होता चुका कमी करतात. आमची नात दीड वर्षाची असताना प्रत्येक चारपायी जनावराला 'भूभू' म्हणत असे. तिला मात्र आपण 'भाषा शिकते आहे' म्हणतो.

राहता राहिले बाकीचे.

हॉकेट यांची यादी माझ्यासमोर ठेवण्याआधी आपण ती पुन्हा पाहावी, कारण १९६० साली त्यांनी स्वतःच मधमाशीच्या नाचाला 'समोर नसलेल्या गोष्टीबद्दल' हे वैशिष्ट्य बहाल केले आहे. पोळ्याच्या अंधारात उभ्या फणीवर माशी थरथरत धावते. उभ्या रेषेशी तिने केलेला कोन म्हणजे सूर्याच्या दिशेशी फुलांच्या दिशेने केलेला कोन, आणि थरथरण्याचा काळ म्हणजे अंतर. आपल्याकडची फुलोरी माशी उघड्यावर, पोळ्याच्या आडव्या माथ्यावर नाचते आणि सरळ फुलांच्या दिशेनेच धावते. दोन्ही वेळा फुले समोर नसतात.

निमबद्दल आपले बरोबर आहे. निम स्वतः वाक्ये रचत नव्हता, बहुतेक शिक्षकांच्या खुणांची नक्कल करीत होता, असे त्याच्यावर प्रयोग करणाऱ्या हर्बर्ट टेरेस यांनी १९७९ साली मांडले, ते मला माहीत आहे. पण माझ्या लेखात निम नव्हताच. ज्याला मी बोलावले नाही त्याला माझ्या दारातून हाकलण्यात कसला पराक्रम?

हान्सचा दाखला मात्र आपण द्यायला नको होता. मालक फोन ओस्टेन यांच्या त्या घोड्याला गणित येत नव्हते हे मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवले, कारण विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले किंवा तो घोड्याला दिसत नसला की घोडा चुकत असे. पण तो टाप थांबवीत असे कशाच्या आधारे? विचारणाऱ्याची मान बरोबर आकड्यावर केसभर हलत असे, ज्याची त्याला स्वतःलाही खबर नसे. गुपित कळल्यावर फुंग्स्ट यांना स्वतःची मानही आवरता येईना. बर्लिनचे विद्वान एकमेकांच्या माना वाचू शकले नाहीत, घोड्याने वाचल्या. आणि माझ्या लेखाचा विषय, शीर्षक न वाचणाऱ्यांसाठी पुन्हा सांगतो, गणित नव्हता, अंगाने होणारे बोलणे हा होता.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करतो. लेखात तीन ठिकाणी मी 'भाषा' लिहिले तिथे 'संवाद' हा शब्द अधिक नेमका ठरला असता. दोन ठिकाणी तसा बदल केला आहे. तिसऱ्या ठिकाणी केलेला नाही, कारण तिथे गाय वासराजवळ असताना तोंड मिटून जो खोल, हलका हुंकार देते आणि वासरू दूर नेल्यावर तोंड उघडून ज्या उंच स्वरात हंबरते, त्याबद्दल मी लिहिले आहे, आणि ते दोन्ही आवाज ऐकलेल्या माणसाला तो शब्द खटकेल असे मला वाटत नाही. आपण कधी ऐकले आहेत का, हे आपल्या सहीवरून कळत नाही.

'प्रतिक्षिप्त' हा शब्द माझ्याकडून दीर्घ लिहिला गेला होता, तोही आपल्या सूचनेनुसार ऱ्हस्व केला आहे. आपल्या पत्रात 'शास्त्रज्ञानी' या शब्दात 'ज्ञा'वरचा अनुस्वार दोनदा राहून गेला आहे. प्रतिक्रियांना मी हात लावत नसल्यामुळे तो तसाच ठेवला आहे.

आपला,
लेखक
(निवृत्त पशुधन विकास अधिकारी)