१६२ पैकी ते १३ सामने

आमच्या ऑनलाइन बेसबॉल लीगमध्ये ३० संघ आहेत. त्यातल्या २५ जणांचं काय होतं याच्याशी माझं देणंघेणं नाही. ते जिंकोत, हरोत, कुणाचा पिचर (चेंडू टाकणारा) खांदा धरून घरी बसो, माझा चहा गोडच लागतो. तो कडू होतो उरलेल्या चौघांमुळे, कारण ते माझ्या डिव्हिजनचे, म्हणजे माझ्याच पाच संघांच्या गटातले. आणि त्या चौघांपैकी सेंट लुईसचा संघ चालवणारा गृहस्थ राहतो होटगी रोडला. मी जुळे सोलापुरात बसून मिलवॉकी चालवतो. मिसिसिपीकाठच्या आणि मिशिगन सरोवराकाठच्या या दोन शहरांचं भांडण आम्ही आसरा चौकात उभं राहून मिटवायला जातो आणि वाढवून घरी येतो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांना सांगायचं तर इथे बॅट कुणीच हातात घेत नाही. १९६१ साली अमेरिकेत स्ट्रॅट-ओ-मॅटिक आलं, तेव्हा लोक पत्ते आणि फासे घेऊन सामने लावायचे. १९९९ मध्ये मार्कस हाइनसोन या जर्मन माणसाने 'आऊट ऑफ द पार्क' हा संगणकावरचा बेसबॉल काढला आणि फासे संगणकाच्या पोटात गेले. अमेरिकेचा खेळ, जर्मनाचं डोकं आणि सोलापूरकराचा रक्तदाब. आम्ही फक्त मालक, मॅनेजर आणि ताप करून घेणारे.

आईला हे अजून पटलेलं नाही.

"खेळतंय कोण?"

"कोणी नाही गं, कॉम्प्युटर."

"मग हरलं कोण?"

"मी."

"त्याला सांग की जरा नीट खेळायला."

नेमकं तेच सांगता येत नाही. रीत अशी: कमिशनरने (लीग चालवणाऱ्याने) टाकलेली लीगची फाइल उतरवायची, उघडायची, आपला संघ मांडायचा, एक्सपोर्ट करून मुदतीच्या आत सर्व्हरवर चढवायची. कमिशनरच्या आधी गेमचा नवा अपडेट टाकला तर फाइल जुळत नाही, म्हणून संगणक कितीही आर्जव करो, अपडेटला हात लावायचा नाही. मग अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्री नऊ वाजता सिम (संगणकाने सामने खेळवणं) चालतो, म्हणजे आपल्याकडे मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी साडेसहा. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे जातात आणि मार्चपर्यंत हेच साडेसात होतात. तासभर जास्त झोपता येईल असं वाटतं, प्रत्यक्षात तासभर जास्त छताकडे बघता येतं. त्यात आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि आलं तर ते सिमच्याच मुहूर्तावर. एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) धरायची सवय डिव्हिजनमधल्या संघ चालवणाऱ्या दुसऱ्या कुणाला असेल असं वाटत नाही.

आता खरी मेख. एका सिममध्ये सात दिवसांचे सामने एका दमात होतात. सोमवारी घर जळालं तर मंगळवारी बादली घेऊन धावता येत नाही; रविवारची राख बघायला मिळते.

आणि हे जळणं डिव्हिजनमधल्याच माणसाच्या हातून झालं तर दुप्पट महाग पडतं. टेबलातलं अंतर काढताना विजयांचा फरक आणि पराभवांचा फरक मिळवून दोनने भागतात. मी शिकागोकडे हरलो आणि सेंट लुईसला त्या दिवशी सुट्टी असली, तर मी त्याच्यापासून अर्धा सामना मागे सरकतो. त्याच्याकडेच हरलो तर पुरा एक. तीन सामन्यांची मालिका तिन्ही हरली की आठवड्याच्या सुरुवातीला दोन सामन्यांनी पुढे असलेला माणूस शेवटी एकाने मागे. त्याच्याशी असे सामने मोसमाच्या १६२ पैकी १३. अमेरिकेतल्या खऱ्या लीगमध्ये २०२२ पर्यंत १९ असायचे. २०२३ पासून प्रत्येक संघाला इतर सगळ्यांशी खेळवायचं म्हणून कमी केले. १३ हा विषम आकडा, त्यामुळे पावसाने एखादा सामना रद्द झाला नाही तर बरोबरी नाही. म्हणूनच आमची पैज त्यावर लागते: किलोभर शेंगाचटणी.

तयारी काय करायची? लाइनअप (बॅटिंगचा क्रम) दोन लावायच्या, एक उजव्या हाताच्या पिचरसाठी, एक डावखुऱ्यासाठी, कारण डावखुरा बॅटर डावखुऱ्या पिचरपुढे बहुधा पांगळा होतो. होटगी रोडवाल्याच्या पाच स्टार्टरांपैकी, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरांपैकी, तीन डावखुरे, म्हणून कोण कधी येणार हे कॅलेंडरवर बोट ठेवून मोजायचं. साधारण शंभर चेंडू टाकलेला स्टार्टर पाचव्या दिवशी ताजा होतो. पण त्याच्या संघाला मध्ये रिकामा दिवस असेल आणि त्याने 'क्रमाने पाठव' ऐवजी 'जास्त विसावलेला पाठव' निवडलं असेल, तर पाचव्या नंबरचा हलका पिचर गळतो आणि पहिल्या नंबरचा राक्षस पुन्हा समोर उभा. मोजणीत हे धरलं नाही तर सगळा अभ्यास वाया.

तरी स्टार्टर परवडले. जीव जातो तो बुलपेनमध्ये, म्हणजे मधे येणाऱ्या बदली पिचरांत (रिलीव्हरांत). २६ जणांच्या संघात पिचर जास्तीत जास्त १३. पाच स्टार्टर गेले की आठ रिलीव्हर उरतात. प्रत्येकाचे वीस-पंचवीस चेंडू, लागोपाठ दोन दिवस चालतो, तिसऱ्या दिवशी हात लटकतो. खऱ्या लीगमध्ये नेहमीच्या नऊ इनिंगांत (डावांत) निकाल लागला नाही तर दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, फुकटचा धावपटू देतात, म्हणजे सामना लवकर आटपतो. २०२० साली तात्पुरता म्हणून आलेला हा नियम २०२३ मध्ये कायम झाला. आमच्या लीगमधल्या अमेरिकन मंडळींना परंपरा प्रिय, त्यांनी तो बंद ठेवलाय. मग शुक्रवारचा पहिलाच सामना पंधराव्या इनिंगपर्यंत रांगतो आणि आठपैकी सात जण संपतात. शनिवारी स्टार्टर तिसऱ्या इनिंगमध्ये पाठ धरून बाहेर, त्याच्या जागी कालचाच दमलेला क्लोजर (शेवटची इनिंग सांभाळणारा रिलीव्हर), त्याचे चेंडू होटगी रोडच्या गच्चीवर. रविवारी शेवटची दोन इनिंग राखीव कॅचर पिचिंग करतो. मायनरमध्ये (खालच्या संघात) तीन ताजे हात मोकळे बसलेले असतात, पण त्यांना बोलावणारा मी तेव्हा झोपलेला.

उपाय एकच: तीन इनिंग ओढू शकेल असा लाँग रिलीव्हर, दिसायला कितीही सामान्य असला तरी, आठांत ठेवायचाच, आणि क्लोजरच्या चेंडूंवर मर्यादा घालायची. चकाकणाऱ्या आठ एकइनिंगवाल्यांवर भाळू नये.

एवढं करूनही नशीब आपल्या जागी असतंच. दहापैकी सहा सामने जिंकायची ताकद असलेला संघ घेतला, तरी तीनच्या मालिकेत तो १०० पैकी ३५ वेळा हरतो. तिन्ही हरण्याची शक्यता ६.४ टक्के, म्हणजे साधारण सोळा मालिकांत एकदा. हा हिशेब मला तोंडपाठ आहे आणि त्याने आजवर एकदाही बरं वाटलेलं नाही.

विशेषतः होटगी रोडवाल्याने बंट करून, म्हणजे बॅटने चेंडू नुसता हळूच ढकलून, जिंकल्यावर. पहिल्या बेसवर माणूस, एकही आऊट नाही, अशा वेळी सरासरी साधारण ०.९ धाव होते. बंट करून त्याला दुसऱ्या बेसवर नेलं की एक आऊट जातो आणि तीच सरासरी ०.७ च्या आसपास येते. म्हणजे हा माणूस पदरची धाव खर्चून बेस विकत घेतो. मी त्याला आकडे दाखवले. तो म्हणाला, "बे, मला सरासरी कुठं पाह्यजे, मला एक रन पाह्यजे." दुर्दैवाने शेवटच्या इनिंगमध्ये बरोबरी असताना हा युक्तिवाद अगदीच चुकीचा नसतो, आणि त्याचे सामने नेमके तिथेच येऊन थांबतात.

सहा चाळीसला मेसेज येतो: "काय बे, उठलास का? तुझा क्लोजर अजून उठला नाय बघ."

सध्या ६-६ आहे. चार सामन्यांची शेवटची मालिका अशी आलीये की शुक्रवार, शनिवार, रविवार या फाइलमध्ये झाले आणि सोमवारचा तेरावा पुढच्या फाइलमध्ये गेला. म्हणजे या वेळी मधे बादली घेऊन धावता येतं. दोघांनाही. मी मायनरमधून दोन ताजे रिलीव्हर बोलावलेत, राखीव कॅचरला पिचिंगच्या यादीतून काढलंय, फाइल चढवून ती पोचल्याची खूण दोनदा बघितली आहे. त्याने काय केलंय ते कळायला मार्ग नाही. त्याचा फक्त एक मेसेज आहे, चटणी लसूण जास्त घातलेली आण म्हणून.