डिलिरियम अन् शेतातलं तास
लेख लई आवडला सर. अनस्टेबल, अनबॅलन्स्ड, अनहिंज्ड हे शब्द आधी डगमगणाऱ्या वस्तूंचे होते अन् मग माणसाच्या डोक्याला कसे चिकटले ते छान सांगितलंय, पण एक राहिलाच बघा, डिलिरियम, म्हणजे माणूस भ्रमात जाऊन बरळतो ते. मूळ लॅटिन, लिरा म्हणजे नांगराचं तास, ते सोडून भरकटला तो डिलिरियस. आमच्या परभणीकडं औत धरलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. क्रेझीचंबी तसंच, मूळ अर्थ तडा जाणं, चिनीमातीच्या भांड्यावरच्या बारीक चिरांना आजबी क्रेझिंग म्हणतात.

मला राग येतो तो कायद्यातल्या भाषेचा. 1912 चा ल्युनसी ॲक्ट, म्हणजे वेडेपणाचा कायदा, 1987 च्या कायद्यानं गेला, मग 2017 चा मेंटल हेल्थकेअर ॲक्ट आला, तरी राज्यघटनेच्या कलम 326 मधी मतदार म्हणून अपात्र ठरवायच्या कारणांत अनसाउंडनेस ऑफ माइंड, म्हणजे डोकं ठिकाणावर नसणं, अजून आहेच. अन् इकडं दुष्काळानं, कर्जानं माणूस खचला की गाव म्हणतं ह्याचं डोकं सरकलंय, मग तो दवाखान्यात जायलाच लाजतो. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तेवढा लेखाखाली टाका सर.